चार्टवर ११५० मिली, बेडवर ४.२ किलो. खरं कुणाचं?

रात्रपाळी_ब्रदर, सोलापूर

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) करून एका खासगी आयसीयूत लागून सात महिने झाले. प्रश्न साधा वाटेल, पण काल राउंडला त्यावरून माझी खरडपट्टी निघाली म्हणून विचारतो.

पेशंट मंगळवेढ्याकडचे शेतकरी, वय ६२, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर. आले त्या दिवशी बेडमध्येच असलेल्या काट्यावर वजन ५८.४ किलो. आज चौथा दिवस, बेड ६२.६ दाखवतो. वाढ ४.२ किलो. आमच्या इनपुट-आउटपुट चार्टवर (शरीरात गेलेलं पाणी वजा बाहेर आलेलं) तीन दिवसांची बेरीज मात्र फक्त प्लस ११५० मिली. सर म्हणाले, "एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मग उरलेले तीन किलो काय, मंगळवेढ्याची ज्वारी खाल्ली का त्यांनी?" सगळे हसले.

बेरीज तीनदा तपासली, चूक नाही. ताप १०२ पर्यंत जातोय. राईल्स ट्यूबनं (नाकातून पोटात गेलेली नळी) दर चार तासांनी २०० मिली फीड, लघवी तासाला ६०-७० मिली, पायावर थोडी सूज. रात्री तीन पेशंट माझ्या एकट्याकडे असतात. हे कारण सांगत नाही, पण आहे.

विश्वास कशावर ठेवायचा, चार्टवर की बेडवर?

बार्शीकर

मी नर्स नाही की डॉक्टर नाही, पण एक कबुली देतो. वडिलांना हार्ट फेल्युअर होतं तेव्हा आत सिस्टर थेंब थेंब मोजून लिहायच्या, आणि भेटीच्या वेळेत आम्ही भाऊ पाळीपाळीनं शहाळ्याचं पाणी पाजून यायचो. "घसा कोरडा पडलाय रे" म्हणायचे, बघवायचं नाही. तिसऱ्या दिवशी दम वाढला आणि सगळे चार्ट उलटेपालटे करून शोधत बसले की पाणी आलं कुठून. शेवटी आईनंच सांगून टाकलं.

तुमचे पेशंट नळीवर आहेत, त्यामुळे हे तिथं लागू नाही. तरी लिहिलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज सकाळी संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करायचं आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर फोन करायचा. आम्ही वही ठेवली होती. ती वही अजून आहे.

निवृत्त_इन्चार्ज

अरे बाळा, बेरीज तीनदा केलीस, पण लिहिलेल्याचीच केलीस ना? न लिहिलेल्याची कुणी करायची?

माझी नोकरी बत्तीस वर्षं, त्यातली एकोणीस आयसीयूत. आधी एक डोक्यात घे. फरक किती आहे ते नंतर, फरक कुठल्या बाजूला आहे ते आधी बघायचं. कातडीतनं आणि श्वासातनं उडून जाणारं पाणी चार्टवर नसतंच. मोठ्या माणसाचं दिवसाला ५०० ते ८०० मिली असं जातं, ताप असला की अजून जास्त. उलट शरीर अन्न जाळताना दिवसाला ३०० मिलीच्या आसपास पाणी स्वतः तयार करतं, तेही चार्टवर नसतं. वजावाट करून रोज चारेकशे मिली गुपचूप कमी होतं असं धर. तीन दिवसांचं झालं बाराशे. म्हणजे चार्ट जर प्लस ११५० म्हणत असेल, तर वजन जवळजवळ होतं तिथंच दिसायला हवं. तुझा बेड मात्र चार किलो वर गेलाय. मग दोनच वाटा राहतात. तू लिहीत नाहीस असं काहीतरी आत जातंय, नाहीतर बेड खोटं बोलतोय.

आत जाणाऱ्याचं बघ. अँटिबायोटिकची १०० मिलीची बाटली सगळे लिहितात, पॅरासिटामॉलचीही लिहितात. बाटली संपल्यावर लाइन धुवायला मारलेले १० मिली कोण लिहितं? फीड झाल्यावर नळी साफ करायला पाणी घालतोस ते? गोळ्या कुटून घालतोस तेव्हाचं? आर्टेरियल लाइन (बीपी सतत बघायला धमनीत घातलेली नळी) असेल तर ती तुंबू नये म्हणून प्रेशर बॅगमधून तासाला ३ मिली सतत जातं, दिवसाचे ७२ झाले, ते कुणाच्या खिजगणतीत नसतं. नॉरॲडच्या (बीपी वर ठेवायच्या औषधाच्या) पंपाचं लिहितोस का? चार-पाच दिवसाआड नळ येणाऱ्या गावातला तू. घरात पिंपात किती पाणी उरलंय ते झाकण न उघडता सांगत असशील. इथं का नाही सांगता येत?

बाहेरचंही तसंच. घाईत युरोबॅग (लघवीची पिशवी) न मोजता रिकामी होते, नाहीतर जाताना दिवसपाळीनं आणि येताना रात्रपाळीनं तेच २०० मिली दोनदा लिहिलेलं असतं. पातळ संडास झाली तर "दोनदा झाली" एवढं लिहून सोडायचं नाही. डायपर सुका असताना तोलायचा, मग ओला तोलायचा, फरक जितके ग्रॅम तितके मिली.

आता बेड. वजन रोज एकाच वेळी, तेवढ्याच चादरीवर, तेवढ्याच उशांवर घ्यायचं. व्हेंटिलेटरच्या नळ्या हातानं उचलून धरायच्या. रेलिंगला कुणी टेकलेलं नको, आणि सगळ्यात जास्त टेकतात ते राउंडला आलेले डॉक्टरच. आमच्याकडे एकदा एका बाईंचं वजन एका रात्रीत सात किलोनं वाढलं. लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढायचं औषध) भरून सिरिंज हातात घेतलेली, तेवढ्यात मामांनी चादर वर केली तर पायाशी ऑक्सिजनचं छोटं सिलेंडर. सीटीला नेताना ठेवलेलं तसंच राहिलेलं. त्या दिवसापासून मी वजन वाचण्याआधी पेशंटच्या पायाशी हात फिरवूनच बघते.

तुझ्या बेडला "होल्ड"चं बटण असेल. काही ठेवायचं-काढायचं असलं की आधी ते दाबायचं, वस्तू ठेवायची, मग सोडायचं, म्हणजे त्या वस्तूचं वजन पेशंटच्या नावावर चढत नाही. पहिल्या दिवसापासून बेडवर नवीन काय आलं, ते शोध.

टेंभुर्णी_फाटा

सिस्टर सगळं बोलल्या, मी डॉक्टरच्या बाजूनं दोन गोष्टी टाकतो.

४.२ किलो खरंच पाणी असेल तर ते दाखल होतानाच्या वजनाच्या ७ टक्क्यांच्या वर जातं. १० टक्के ओलांडले की आम्ही धास्तावतो, कारण असे पेशंट व्हेंटिलेटरवर जास्त दिवस राहतात आणि दगावतातही जास्त. अर्थात जास्त आजारी माणसालाच जास्त सलाईन लागतं, त्यामुळे सगळा दोष पाण्यावर टाकता येत नाही. पण २००६ साली अमेरिकेत फुफ्फुसं निकामी होत आलेल्या १००० पेशंटवर चाचणी झाली. निम्म्यांना हात राखून पाणी, निम्म्यांना सढळ हातानं. सात दिवसांत सढळ गटात सरासरी सुमारे ७ लिटर साठलं, दुसऱ्या गटात जवळपास शून्य. ६० दिवसांतल्या मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही, पण कमी पाणीवाले व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले. म्हणून तुमच्या सरांना त्या तीन किलोंची एवढी काळजी. (ज्वारीचा टोमणा मात्र तुमच्यावर अन्याय आहे.)

दुसरं, आठ-दहा दिवसांनी वजन "जैसे थे" दिसलं तर खूश होऊ नका. पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू झपाट्यानं झडतात. मांस गेलं आणि त्या जागी पाणी आलं तरी काटा तेवढंच दाखवतो. आणि नुसत्या काट्यावरून लॅसिक्स कुणी देऊ नये, छाती ऐकून, सूज बघून, सोनोग्राफी करून ठरवायचं.

रात्रपाळी_ब्रदर, सोलापूर

सिस्टर, सापडलं! दुसऱ्या दिवशी दुपारी अल्फा बेड (पंपानं फुगणारी हवेची गादी) घातलाय, पाठीला लाली आली होती म्हणून. पंप पायाकडच्या पट्टीला लटकवलेला. होल्ड कुणीही दाबलेलं नाही. स्टोअरमधला तसलाच अल्फा बेड पंपासकट काट्यावर ठेवला, २.९ किलो भरला. ४.२ मधून तो गेला की खरी वाढ १.३ किलो. चार्टवर ११५०. म्हणजे चार्ट बरोबरच होता की ओ! आत्ता सरांना सांगतो.

निवृत्त_इन्चार्ज

थांब, पळू नकोस. बेडचं शोधलंस ते झकास. पण काल मी काय सांगितलं? चार्ट बरोबर असता तर वजन वाढायलाच नको होतं. जुळलं हीच गडबड आहे.

हिशोब मांड. उडून गेलेलं तीन दिवसांचं बाराशे, ते तू लिहिलेलं नाहीस, आणि लिहिता येतही नाही. मग ११५० मधून १२०० गेले, उरलं काहीच नाही. तरी १.३ किलो वाढलंय, ते कुठून आलं? फीडनंतरचं पाणी ५० धरलं तर सहा वेळचं ३००. आर्टेरियल लाइनचे ७२. लाइन धुतल्याचे सत्तर-ऐंशी. रोजचे झाले साडेचारशे, तीन दिवसांत साडेतेराशे. बसलं का गणित? आत जाणारं लिहायचं राहिलं, बाहेर उडणारं धरायचं राहिलं, आणि दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या. उद्या ताप उतरला की उडणारं पाणी कमी होईल, तुझं न लिहिलेलं मात्र तेवढंच जात राहील. मग परत राउंडला उभा राहशील तोंड पाडून.

माझा ५० चा आकडा अंदाजाचा आहे. तू खरा मोजून सांग. आणि वजन सकाळी सहाला, फीडच्या आधी.

रात्रपाळी_ब्रदर, सोलापूर

मोजलं. मी मनात ५० धरून चाललो होतो, प्रत्यक्षात दर फीडनंतर दीड सिरिंज जाते, म्हणजे ७५ मिली. सहा वेळा. दिवसपाळीच्या सिस्टर दोन सिरिंज घालतात, त्यांना नळी चिकटल्यासारखी वाटते म्हणून. आज चार्टवर पेननं नवीन रकाना आखलाय, "नळीचं पाणी". सहाचं वजन अल्फा बेड वजा करून ५९.९.