झेड ड्राइव्ह जबरदस्तीनं तोडायचा का?

उद्यमनगरकर: काल इथं एकानं सल्ला दिला, "शिफ्ट संपताना शेअर सुटत नसेल तर एफफोर्सला ट्रू द्या, विषय संपला." म्हणजे झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर जबरदस्तीनं तोडा. सगळ्यांनी अंगठे दिले. विषय कसला संपतोय राव? डब्ल्यूनेटकॅन्सलकनेक्शन२ हे विंडोजचं कनेक्शन तोडायचं फंक्शन. त्याच्या एफफोर्सला फॉल्स, म्हणजे जबरदस्ती नको असं दिलं आणि फाईल उघडी असली, तर २४०१ हा एरर येतो. म्हणजे कुणाचं तरी काम चालू आहे. आमच्यात डिझायनर फिक्श्चरचं ड्रॉइंग उघडं ठेवून जेवायला गेला, तोवर स्क्रिप्टनं झेड तोडला. परत येऊन सेव्ह मारतोय तर पाथच सापडेना. दुपारपासूनचं काम गेलं.

शिरोलीचा सेटर: तीन शिफ्ट चालवून बघा, मग बोला. पहिल्या शिफ्टचा माणूस शेअर जोडून तसाच घरी जातो. दुसरा त्याच लॉगिनवर बसून स्वतःच्या युजरनं त्याच सर्व्हरला जोडायला गेला की १२१९ एरर. एका सेशनमधून एका सर्व्हरला दोन युजरनेम चालत नाहीत. मग जुनं तोडायलाच लागतं. रात्री डिझायनरला फोन लावत बसू काय?

गोशिमा मेंटेनन्स: ट्रू देऊनही सकाळी लॉगिनला झेड परत येतोय, म्हणून ओरडणारे बरेच आहेत. त्याच फंक्शनच्या फ्लॅगमध्ये शून्य पाठवता, मग येणारच. कनेक्ट_अपडेट_प्रोफाइल द्या, म्हणजे लॉगिनला परत जोडायची नोंदही जाते. आणि नावात सर्व्हरचा पाथ दिला, तर फक्त ड्राइव्ह लेटर नसलेली कनेक्शनं तुटतात. झेड सोडवायचा तर "झेड:" असंच द्या. पण त्याआधी सगळ्यांनी एसएमबी१, म्हणजे शेअर जोडायची विंडोजची जुनी, असुरक्षित पद्धत बंद करा.

शिरोलीचा सेटर: करा म्हणायला काय जातंय? आमच्या व्हीएमसी मिलिंग मशीनचा पीसी एक्सपीवर आहे, त्याला दुसरं काही कळतच नाही. अपग्रेडचं कोटेशन मालकांनी वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

गोशिमा मेंटेनन्स: २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून पसरला. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी१ देणं बंद व्हायला लागलं, ते उगाच नाही. तुमचं एक मशीन अख्खं ऑफिस घेऊन बुडेल.

शिरोलीचा सेटर: केबिनमध्ये बसून शिकवू नका.

गोशिमा मेंटेनन्स: कसली केबिन? मीही कूलंटच्या वासातच बसतोय. मशीन फेकून द्या म्हटलंच नाही. त्याला वेगळा स्विच द्या, मध्ये दोन लॅनकार्डांचा एक पीसी ठेवा. एसएमबी१ त्याच्या पलीकडं येऊ देऊ नका.

शिरोलीचा सेटर: हे जमण्यासारखं आहे. मालकांना विचारतो. पण आधी हेच सांगितलं असतं तर एवढं भांडण कशाला झालं असतं?

राजारामपुरी कोडर: एसएमबी१ चा वेगळा धागा काढा की. मूळ मुद्दा: आधी फॉल्स, २४०१ आला तर स्क्रीनवर सूचना, थोडा वेळ द्या, मगच ट्रू. आणि स्क्रिप्ट "रन अ‍ॅज अ‍ॅडमिन" करू नका. यूएसी (अॅडमिनची परवानगी विचारणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्या सेशनला युजरचा झेड दिसतच नाही, २२५० म्हणजे 'कनेक्शनच नाही' असा एरर येतो. आमच्या एका गिऱ्हाइकाकडं लोक एवढ्यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करत होते.

शिरोलीचा सेटर: ऑफिसच्या पीसीवर पाच मिनिटं देतो. मशीनला प्रोग्राम पाठवणाऱ्या डीएनसीच्या पीसीवर थेट ट्रूच राहणार. तिथं प्रोग्राम लोकल उतरवूनच चालवतो, शेअरवर काही उघडं नसतं.

उद्यमनगरकर: लोकल उतरवत असाल तर तिथं माझी हरकत नाही. पण कालच्या सल्ल्यात यातलं एक अक्षर नव्हतं, आणि लोकांनी तो तसाच उचललाय. त्या पोस्टखाली हे लिहा.