देवगडला कातळावरून स्पून टाकायचाय: वजन, दोरी, वेळ सुचवा

देवगडात_नवा
नमस्कार मंडळी. बदली होऊन देवगडला आलोय. आजवरचा अनुभव म्हणजे जेट्टीवर बसून हातात तंगूस (नायलॉनची दोरी) आणि गरीला कोळंबी, बस्स. आता नऊ फुटी रॉड आणि ४००० आकाराचं रील घेतलंय. रॉडवर फेकायचं वजन १५–४० ग्रॅम असं छापलंय. इथे सकाळी काही पोरं कातळावरून नुसता चकचकीत पत्रा, म्हणजे स्पून, फेकतात आणि दागोळ मासे काढतात, ते बघितल्यापासून कोळंबी सोलायचा उत्साहच गेला. दुकानात स्पून ५ ग्रॅमपासून ६० ग्रॅमपर्यंत दिसतात, रंग तर विचारूच नका. नक्की काय घेऊ? दोरी सोडून बजेट हजार-बाराशे.

कातळावरचा
स्वागत. आधी एक सांगतो, रंगाच्या नादी लागू नका. स्पूनमध्ये बघायचं ते वजन, जाडी आणि खोलगटपणा. रुंद आणि पातळ पत्रा पाण्यात हळू डुलत येतो, पण वाऱ्यात फेकला की पतंग होतो. अरुंद आणि जाड पत्रा लांब जातो, मात्र त्याला वेगाने ओढावं लागतं, नाहीतर तो सरळ तळाला. कातळावरून तुम्हाला हा अरुंद-जाडच हवा. २० आणि २८ ग्रॅमचे दोन-दोन घ्या, लांबी सात-आठ सेंटिमीटर. किनाऱ्याला पेडवे (बारीक मासे) लागलेले असतात तेव्हा त्यांचाही साधारण तोच आकार असतो. तीन चंदेरी, एक सोनेरी. गढूळ पाण्यात सोनेरी बरा चालतो, माझं रंगशास्त्र तिथेच संपतं.

दागोळाला वेग लागतो. रील अगदी दमवून फिरवा, मध्येच दोन सेकंद थांबा, परत फिरवा. थांबल्यावर स्पून पालटत खाली जातो आणि बरेच झटके तेव्हाच येतात, म्हणून थांबलात तरी दोरी ढिली सोडू नका. तांबोशी किंवा गोबरा हवा असेल तर उलट. कातळाच्या कडेने, तळापासून हातभर वर, सावकाश. तिथे स्पून अडकणार आणि जाणार, ते धरूनच चाला.

देवगडात_नवा
धन्यवाद दादा. दोरी कुठली? तंगूस चालेल का?

कातळावरचा
चालेल, पण ताणते आणि लांब जात नाही. २० पौंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेली दोरी) भरा, पुढे दीड-दोन हात ३०-४० पौंडाचा लीडर (नायलॉनचा जाड तुकडा). ब्रेड आणि लीडरच्या मध्ये चांगला बॉल बेअरिंगचा स्विव्हल (गोल फिरणारी कडी) टाका. स्पून कधी ना कधी गोल फिरतोच आणि मग दोरीला असा पीळ बसतो की सकाळ ती सोडवण्यात जाते. (ब्रेड आणि लीडर थेट जोडणारी एफजी गाठ येत असेल तर ती मारा आणि स्विव्हल खाली स्नॅपबरोबर, म्हणजे उघडमीट होणाऱ्या कडीबरोबर, घ्या.) आणि लीडर थेट स्पूनच्या भोकात बांधू नका. पत्र्याची कड धारदार असते, दोन मोठ्या झटक्यांत कापते. मध्ये स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी कडी) हवीच.

मेटलजिग_प्रेमी
माझं मत वेगळं. स्पून कशाला? ३० ग्रॅमचा कास्टिंग जिग (माशाच्या आकाराचा भरीव धातूचा तुकडा) घ्या. त्याच वजनात तो स्पूनपेक्षा कितीतरी लांब जातो, वाऱ्याला जुमानत नाही. सुरमई किनाऱ्याच्या फार जवळ येत नाही, तिच्यापर्यंत पोचायचं तर लांब फेकावंच लागतं.

कातळावरचा
लांब जातो हे कबूल. पण देवगडच्या कातळाखाली पाणी किती? जिग दगडासारखा बुडतो, नवशिक्याने क्षणभर थांबवला की कपारीत. स्पून तरंगत खाली जातो, तेवढा वेळ मिळतो. जेट्टीच्या टोकावरून, जिथे खोल आहे, तिथे जिग वापरा की. रात्री दिव्याच्या उजेडात वाकटीला तर जिगच चांगला.

खाडीकाठची
दोघांनीही दातांबद्दल लिहिलं नाही! सुरमई, करली, टोळ, वाकटी, कोणीही आलं तरी नायलॉनचा लीडर एका फटक्यात साफ. स्पूनच्या पुढे वीतभर बारीक स्टीलची तार लावा. जाड तार लावलीत तर स्पूनचं डुलणं मरतं.

दुसरं, स्पूनबरोबर येणारी तिहेरी गरी काढून टाका आणि एकेरी, जाड, लांब नेढ्याची लावा. दागोळ उडी मारून डोकं झटकतो, तेव्हा जड धातू लोंबकळून तिहेरी गरी सुटून जाते. शिवाय लहान मासा परत सोडताना एकेरी गरी सहज निघते आणि तुमच्या स्वतःच्या बोटात घुसली तरी एकच घुसते.

वेळेचं म्हणाल तर आमच्या घरातला हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. थोडं पुढेमागे होतं, पण ॲप उघडायच्या आत उत्तर मिळतं. दशमी-एकादशीला भांगाचं पाणी (कमी चढउताराची भरती-ओहोटी) असतं, ओढ कमी, म्हणून गाळ कमी ढवळतो आणि पाणी निवळ राहतं. स्पून हा डोळ्यांनी पकडायचा प्रकार, माशाला तो दिसायला तर हवा. उजाडता चढतं पाणी आणि ते निवळ, हे दोन्ही याच दिवसांत जुळतं. शिवाय पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा पाठीमागून असतो, फेक आपोआप लांब जाते. दहानंतर समुद्रावरून खारा वारा सुटला की तोंडावर येतो. दोन्ही पक्षांत मिळून महिन्यात अशा चार-पाच सकाळी मिळतात, त्या रजेच्या अर्जात आधीच लिहून ठेवा.

देवगडात_नवा
ताई, हे पाऊणपटीचं सोन्यासारखं आहे. आणि पावसात?

खाडीकाठची
पावसाळ्यात कातळावर पाय ठेवू नका. यांत्रिक बोटीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असतात. शेवाळ धरलेला कातळ आणि मागून आलेली लाट, यात पोहता येण्याचा काही उपयोग होत नाही. पाणीही लालसर गढूळ, स्पून दिसणार कोणाला? ऑक्टोबर ते मे भरपूर आहे.

गाबीत_गडी
रे बाबा, इतके पैसे कित्याक घालतंस? घरातलो स्टीलचो चमचो घे, दांडो काप, दोन्ही टोकांक भोका पाड, झाला काम.

कातळावरचा
गडीभाऊंची थट्टा वाटेल, पण स्पूनचा जन्म तिथलाच. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल याने १८५२ साली त्याचं पेटंट घेतलं आणि जेवणाचा चमचा तळ्यात पडल्यावर माशाने त्यावर झडप घातली, अशी दंतकथा त्याच्या नावावर आहे. फक्त आपला जेवणाचा चमचा फार खोलगट असतो, ओढला की भिंगरीसारखा फिरतो. लाकडावर पालथा ठेवून हातोडीने थोडा चपटा करा, मग तो फिरण्याऐवजी डुलतो. भोकांच्या कडा कानशीने घासा. वजनाला हलका पडतो, त्यामुळे कातळावरून नाही, खाडीत जेट्टीवरून वापरा. तिथे तळाला अडकून गेला तरी जीव जळत नाही.

धरणवाला_पुणे
मध्येच विचारतो, मरळीला हेच चालेल का?

कातळावरचा
मरळ गवतात असते, उघड्या गरीचा स्पून गवतच गोळा करून आणेल. गवतरोधक तारेचा स्पून मिळतो तो घ्या, नाहीतर रबरी बेडूक. आणि तलाव कोणत्या संस्थेकडे ठेक्याने दिलाय ते आधी विचारा, परवानगी लागते. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.

देवगडात_नवा
ठरलं: २० चे दोन, २८ चे दोन, एकेरी गऱ्या, तार, स्विव्हल. शेवटचं, पितळी स्पून खाऱ्या पाण्याने हिरवा पडतो असं वाचलं?

खाडीकाठची
पडतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, हिरवा पडलाच तर चिंचेने घासा, तांब्या-पितळेची भांडी घासतो तसं. गऱ्या मात्र पुसून कोरड्या डब्यात वेगळ्या ठेवा, नाहीतर एका गंजलेल्या गरीपायी सगळा डबा तांबडा होतो.