मदत हवी आहे : मुलांचं 'किल्ला-किट', हिशोब चुकलाय. सांगू की चुकू देऊ?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात यंदा मुलांचे स्टॉल आहेत. अट एकच. मुलांनी आधी कमिटीतल्या तीन काका-काकूंसमोर तीन मिनिटांत आपली कल्पना मांडायची. पटली तर दोन हजार रुपये भांडवल मिळणार, मेळा झाला की परत करायचे. मांडणी पुढच्या रविवारी आहे.

माझा मुलगा आणि त्याची मैत्रीण, दोघं सहावीत. फ्लॅटमध्ये किल्ला करायचा म्हणजे माती कुठून आणायची इथपासूनच रडगाणं. म्हणून यांचा 'गॅलरीतला किल्ला': एका पिशवीत पोयट्याची माती, गोणपाटाचा तुकडा, अळिवाची पुडी, महाराजांची मूर्ती आणि चार मावळे. दगड-विटा ज्याच्या त्याने गोळा करायच्या. अळीव पेरूनही बघितलेत. ओल्या गोणपाटावर भुरभुरले की बुळबुळीत होऊन चिकटून बसतात, दोन-तीन दिवसांत मोड, आठवड्याभरात हिरवंगार. त्यामुळे मेळा वसुबारसेच्या आदल्या दिवशी ठेवून उपयोग नाही, आठ दिवस आधी हवा, हे दोघांनीच कमिटीला जाऊन सांगितलं. (आणि कमिटीने ऐकलं! आमचं पार्किंगचं तीन वर्षं ऐकत नाहीयेत.)

आता घोळ. त्यांचा हिशोब असा: माती २५, गोणपाट १०, अळीव १०, मूर्ती ६०, मावळे प्रत्येकी २० प्रमाणे ८०, पिशवी ८. एकूण १९३. किंमत १९९, कारण 'दोनशेच्या आत वाटलं पाहिजे'. दहा किटमागे ६० रुपये नफा म्हणून उड्या मारतायत. पण खाऊच्या पैशातून आणलेल्या २५ मावळ्यांपैकी तीन स्कूटरच्या डिकीतच शहीद झाले. ते धरले तर एक मावळा पावणेतेवीसला पडतो, किट २०४ ला जातं, म्हणजे प्रत्येक किटमागे पाच रुपये पदरचे. माझं पेट्रोल तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. हे मी आत्ता सांगू, की मेळ्यात कळू दे? सांगितलं तर हिशोब माझा होतो. नाही सांगितलं तर कमिटीचे पैसे परत करताना तोंडं उतरणार.

दुसरं म्हणजे बोलणं. चिरंजीवांना वक्तृत्व स्पर्धांची सवय, त्यामुळे सुरुवात "आदरणीय व्यासपीठ". मग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातले ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. सगळं खरं, पण यात एक मिनिट संपतं आणि किटचा पत्ता नाही. शेवटी टीव्हीवरच्या शार्क टँकची कृपा: "आम्ही दहा टक्के इक्विटी देऊ" (म्हणजे धंद्यात हिस्सा!). परवा मी मध्येच विचारलं, "अरे, कुंडीतली माती फुकट आहे, मी दोनशे कशाला देऊ?" गडी गप्प, आणि पुन्हा "आदरणीय"पासून सुरू. मैत्रिणीचं काहीच पाठ नाही, ती पटकन म्हणाली, "काकू, तुमच्या कुंडीत निम्मं कोकोपीट आहे. त्याचा बुरूज उभाच राहत नाही, आम्ही करून बघितलाय." मला हेच हवंय! पण ती म्हणते, "मी माती कालवते, बोलेल तो."

नवऱ्याने उत्साहात १४ स्लाइडचं पीपीटी केलंय. त्याला तूर्त विटा आणायला पिटाळलंय.

कुणी मुलांकडून असं काही करून घेतलंय का? पाठांतर कसं सोडवलंत? आणि तिला न दटावता बोलतं कसं करू?

अपडेट: प्रतिसादांबद्दल आभार. आकडे न सांगता फुटलेले तीन मावळे हिशोबाच्या वहीवर ठेवून द्या, ही सूचना लगेच अमलात आणली. रात्री दोघांची फोनवर जोरदार भांडणं झाली आणि सकाळी किंमत २३० झाली होती. शिवाय मावळे आता भुशात गुंडाळून आणणार आहेत. 'आदरणीय व्यासपीठ' मात्र अजून गेलेलं नाही. रविवारला चार दिवस आहेत, त्यावर कुणीतरी बोला.