1975 चा कायदा आपल्या गावाला लागत नाही

गावातली झाडतोड कशी थांबवायची या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की महाराष्ट्राचा 1975 चा झाडांचा कायदा दाखवला की तोड थांबते. भाऊ, तो कायदा महापालिका-नगरपालिका हद्दीतला. त्यात 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज दर्जाही मिळाला, पण ग्रामपंचायत हद्दीत तो लागत नाही. आपल्याकडे 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, बिजा, हळदू आहेत. स्वतःच्या वावरातलं असलं तरी ही झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कडुलिंब मात्र त्या यादीत नाही, हे मला फार खुपतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या धुऱ्यालगतच्या मोहाची साल खरडून ठेकेदाराच्या माणसाने तोडीसाठी लाल रंगात आकडा टाकला. खाली फुलांचा सडा पडलेला, बाया पहाटेपासून टोपल्या भरत होत्या. आम्ही त्याच दिवशी घेर मोजला, फोटो काढले, परवानगीची प्रत दाखवा म्हणून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. प्रत निघालीच नाही. मोह अजून उभा आहे.

तुमच्याकडच्या चिंचांवर आकडे पडले असतील तर आजच अर्ज द्या. करवत लागल्यावर पंचनाम्याला फक्त खुंट उरतो.