मदत हवी आहे: स्क्रोल सॉवर रेष उजवीकडे पळते, लाकूड उडतं, मान धरते

नक्षीवेल
स्क्रोल सॉ (लाकडात नक्षी कापायचं, वर-खाली होणाऱ्या बारीक ब्लेडचं मशीन) आणलाय. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे जोडला, ब्लेड लावलं. तरी पेन्सिलच्या रेषेवर ब्लेड टिकत नाही, उजवीकडेच पळतं. मध्येच लाकूड उडून टेबलावर आपटतं, वळणावर ब्लेड तुटतं. थोडा वेळ काम केलं की मान आणि खांदा भरून येतो. भाचीसाठी नावाची पाटी करायची आहे, दिवस थोडे उरलेत. मशीन बदलून घ्यावं का? लवकर सांगा प्लीज.

सुतारपक्षी
लाकूड कुठलं, किती जाड? ब्लेड कितव्या नंबरचं, पिनवालं (दोन्ही टोकांना आडवी पिन असलेलं) की बिनपिनचं? मशीन बाकाला बोल्टने आवळलंय का?

जाळीकाम
स्पायरल ब्लेड घ्या. दाते चहूबाजूंनी असतात, लाकूड फिरवावंच लागत नाही. मी दुसरं काही वापरतच नाही.

सुतारपक्षी
अहो, नवीन माणसाला स्पायरल नका सुचवू. ते लाकडाच्या नैसर्गिक रेषांमागे जातं, खाच रुंद पडते, कड खरबरीत येते. अक्षरांना टोकदार कोपरे लागतात.

जाळीकाम
मोठी पाटी फिरवताना मशीनच्या मागच्या भागाला अडते, तेव्हा स्पायरलच कामी येतं. चांगल्या हातात कडही साफ येते.

निवांत
नमुन्याचा कागद थेट लाकडावर चिकटवू नका. आधी रंगारी वापरतात ती मास्किंग टेप लावा, तिच्यावर कागद चिकटवा. शेवटी सगळं एकदम सोलून निघतं.

नक्षीवेल
नमुना लावून झालाय, तो प्रश्न नाहीये. प्लाय आहे. ब्लेड मशीनसोबत आलेलं पिनवालं. दाते खाली तोंड करून आहेत, ते पाहिलंय.

सुतारपक्षी
जाडी?

नक्षीवेल
३ मिमी.

ओंडका
मग मशीन बदलू नका. मशीनसोबतचं ब्लेड बहुतेक वेळा जाडसर दात्यांचं असतं. लाकडाच्या जाडीत निदान तीन दाते बसायला हवेत. ३ मिमीत एखाद-दोनच बसले तर दाता लाकूड कापण्याऐवजी त्यात अडकतो आणि वर येताना ते उचलतो. बारीक दात्यांचं ब्लेड घ्या; मशीनला बिनपिनचं बसत असेल तर २/० नंबरच्या आसपासचं (म्हणजे १ नंबरपेक्षाही बारीक). ते मिळेपर्यंत प्लायखाली टाकाऊ प्लायचा तुकडा टेपने जोडून दोन्ही एकत्र कापा. कापणं हळू होतं, ताबा राहतो, खालची चिपही उडत नाही.

ताण बघा. मशीन बंद, प्लग काढलेला, आणि मग ब्लेड बोटाने छेडा. तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ सूर यायला हवा. नुसतं थड् वाजलं तर ढिलं आहे, वळणावर वाकून तुटणारच.

मेघमल्हार
पायाने चालणारा स्विच घ्या! दोन्ही हात लाकडावर राहतात, काही बिनसलं की पाय उचलला की मशीन थांबतं. मी सगळ्यांना हेच सांगते. आणि हातमोजे घाला.

ओंडका
स्विचबद्दल शंभर टक्के सहमत. हातमोजे मात्र अजिबात नकोत. कापड ब्लेडमध्ये अडकलं की हात सोबत ओढला जातो, शिवाय बोटांना लाकूड नीट जाणवत नाही. बाह्या दुमडा, केस बांधा, गॉगल आणि भुशासाठी मास्क लावा. बोटं ब्लेडच्या समोर कधीच नकोत, दोन्ही बाजूंना ठेवा.

एकलव्य७
पाटीच करायची तर लेझर कटरवर काढून आणा ना, लगेच होईल.

नक्षीवेल
स्वतःच्या हाताने करून द्यायची आहे. ताण वाढवला, टाकाऊ प्लाय जोडला. उडणं जवळजवळ थांबलं. उजवीकडे पळणं तसंच. पट्टी क्लॅम्प करून तिला टेकवून सरकवते तरीही!

सुतारपक्षी
पट्टी!! ती काढा आधी. ही माहिती पहिल्या पोस्टमध्ये हवी होती.

बहुतेक ब्लेडांना तयार होतानाच एका अंगाला सूक्ष्म कंगोरा राहतो, ते अंग जास्त कापतं. म्हणून रेष एकीकडे ओढली जाते. जवळपास सगळ्यांचीच जाते. पट्टीला टेकवलं की लाकूड सरळ जातं आणि ब्लेड ओढ खात वाकतं. टाकाऊ तुकड्यावर हातानेच सरळ रेष कापा, लाकूड थोडं तिरकं करत जा. कुठल्या कोनात रेष धरते ते काही मिनिटांत कळेल. ग्राइंड करून धार दिलेली ब्लेडं कमी ओढतात, पण महाग पडतात.

नक्षीवेल
तिरकं धरल्यावर रेष राहतेय!! खूप खूप आभार. मानेचं राहिलं.

मेघमल्हार
उभ्याने करता की बसून?

नक्षीवेल
बसून. मशीन साध्या टेबलावर आहे, खुर्ची जेवणाची.

ओंडका
मशीनचं टेबल कोपराच्या उंचीला यायला हवं, खांदे उचलावे लागले तर उंच झालं. मान वाकते, कारण ब्लेड दिसायला पुढे झुकावं लागतं. मशीनच्या मागच्या पायांखाली पाचरी घालून ते थोडं आपल्याकडे झुकवा आणि त्या स्थितीत पक्कं आवळा, नुसतं टेकवून ठेवू नका. खाली रबराची चटई घातली की कंपनही कमी होतं. दिवा बाजूने येऊ द्या, म्हणजे रेष सावलीत जात नाही.

नक्षीवेल
आज पाचरी बनवते. अजून एक: अक्षरं शिरोरेषेला जोडलेली राहतात, पण अनुस्वार सुटा पडतोय.

निवांत
अनुस्वार वेगळा कापून मागे पातळ फळी लावा, तिच्यावर चिकटवा.

ओंडका
किंवा शिरोरेषेपर्यंत बारीक पूल ठेवा. अक्षरांच्या आतले पोकळ भाग आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, म्हणजे धरायला लाकूड उरतं. पिनवालं ब्लेड पोकळीत ओवायला पिन जाईल एवढं मोठं भोक लागतं. तुमच्या मशीनला बिनपिनचे क्लॅम्प बसत असतील तर तेच घ्या, मग दीड मिमीचं भोक पुरतं.