कॉलेजात भारी खेळणारा क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये चालेल का, हे कसं ओळखायचं?

टिळकवाडीचा_रात्रपाळीवाला

नमस्कार मंडळी. इथं कुस्ती आणि क्रिकेटच जास्त चालतंय, पण अमेरिकन फुटबॉल बघणारे दोन-चार जण आहेत हे मला माहीत आहे म्हणून विचारालोय. माझी रात्रपाळी, काम अमेरिकेतल्या क्लायंटचं, त्यामुळं तिकडच्या मॅचेस बघायची सवय लागली आणि आता तीन वर्षं झाली, सुपर बोल म्हणजे तिकडची फायनल म्हटलं की सोमवारी पहाटे पाचला टीव्हीसमोर मी असतोच. एनएफएल, म्हणजे तिकडची व्यावसायिक लीग, बऱ्यापैकी कळतंय. कॉलेजचा खेळ मात्र यंदाच बघायला लागलो कारण थोरल्या ताईचा पोरगा टेक्सासला एमएस करालाय आणि त्याच्या कॉलेजच्या क्वार्टरबॅकवर (पास टाकणारा, टीमचा खेळ चालवणारा गडी) तो इतका फिदा आहे की दर रविवारी सकाळी फोन, मामा बघितलंस का, मामा हा पहिल्या राउंडात जाणार, मामा हा पुढचा महोम्स. (राउंड म्हणजे ड्राफ्टचा, ज्यात एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं नंबरानं निवडतात; महोम्स म्हणजे तिथला गाजलेला क्वार्टरबॅक.)

मी चार मॅचेस पूर्ण बघितल्या. पोरगं भारी दिसतंय, हात जोरकस, पळतंय पण छान, दहातले सात पास पोचतात. पण मला एक खटकालंय. त्यातले निम्मे पास बाजूला उभ्या असलेल्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, नुसते टेकवलेले, पुढचं सगळं पळणं त्या रिसीव्हरचं. आणि लांबचा पास टाकतो तेव्हा रिसीव्हरच्या आसपास चिटपाखरू नसतंय. आपल्याकडं टेनिस बॉलवर बॉल थेट मैदानाच्या भिंतीपलीकडं घालणारी पोरं किती बघितली, त्यातली सीझन बॉलवर किती टिकली? झॅक विल्सनचं तर ताजं उदाहरण, 2020 ला बीवाययू कॉलेजकडून 33 टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडं पोचवणं) आणि फक्त 3 इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), 2021 ला जेट्स टीमनी दुसऱ्या नंबरला घेतला आणि पुढं तो तिथं टिकला नाही हे सगळ्यांनी बघितलं.

तर खरंच विचारतो, नुसती मॅच बघून हे ओळखता येतंय का? नेमकं काय बघायचं? भाच्याला नाराज करायचं नाही पण खोटं पण बोलायचं नाही.

खानापूर_ते_ओहायो

मी नऊ वर्षं कोलंबसला होतो, आता खानापुरात परत आलोय, त्यामुळं या विषयावर लिहायला मिळालं की हात थांबत नाही, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी हे समजून घ्या की दिसायला खेळ एकच असला तरी दोन्हीकडचं मैदान वेगळं वागतं. मैदानात मधे ज्या दोन तुटक रेषा असतात ना, हॅश मार्क, त्या कॉलेजात एकमेकींपासून 40 फूट लांब आणि एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. म्हणजे कॉलेजात बॉल एका हॅशवर ठेवला की दुसऱ्या बाजूला मोकळं रान पडतं, तिथं वेगवान पोरं सोडायची आणि बॉल टेकवायचा, तुम्हाला जे खटकलं ते हेच. एनएफएलमध्ये बॉल जवळजवळ मधेच असतो आणि डिफेन्सची पोरं दोन्ही बाजूला सारखीच पोचतात. शिवाय कॉलेजच्या वरच्या गटात 130 च्या वर टीम आहेत, एनएफएलमध्ये 32. कॉलेजात समोर उभ्या असलेल्या अकरापैकी बहुतेक जण पुढं नोकरीधंद्याला लागणारे, एनएफएलमध्ये अकराच्या अकरा निवडून आलेले. त्यामुळं कॉलेजात रिसीव्हर मोकळा म्हणजे दोन-तीन पावलं मोकळा, आणि वर गेलं की अर्धं पाऊल मिळालं तरी त्याला मोकळा म्हणतात.

आता बघायचं काय. बॉल हातातून सुटतो त्या क्षणाला व्हिडिओ थांबवा आणि बॉलकडं न बघता रिसीव्हरकडं बघा. तो वळून मोकळा झाल्यावर बॉल सुटला की वळायच्या आधी? मोकळा दिसल्यावर टाकणारे कॉलेजात ढिगानं आहेत. वळायच्या आधी, जिथं तो पोचणार तिथं टाकणारा सापडला की मग खुर्ची पुढं ओढून बसायचं. वर ती अर्ध्या पावलाची फट डोळ्यानं बघून टाकायला गेलात तर बॉल पोचेपर्यंत ती बुजलेली असते.

दुसरं, स्नॅप झाल्यावर, म्हणजे बॉल क्वार्टरबॅकच्या हातात आला की, मनात मोजा. अडीच सेकंदांच्या आसपास बॉल सुटायला पाहिजे. चार-चार सेकंद उभा राहून मग पळत सुटणारा कॉलेजात हिरो दिसतो कारण तिथं त्याला कोण गाठत नाही. आणि नुसते सॅक (बॉल हातात असतानाच त्याला पाडणं) मोजू नका, दबाव आला त्यातल्या किती वेळा तो सॅक झाला हे बघा. त्याला वाचवणारी पुढची लाइन कच्ची असली तरी चांगला क्वार्टरबॅक बॉल काढून टाकतो, आणि ज्याला कॉलेजात बॉल धरून बसायची सवय आहे त्याची ती सवय वर पण सहसा सुटत नाही.

तिसरं माझ्या आवडीचं. डिफेन्स उभा राहिला की पुष्कळ कॉलेज टीममध्ये अख्खा ऑफेन्स (बॉल घेऊन खेळणारी बाजू) मान वळवून साइडलाइनकडं बघतो, कोच तिथनं प्ले, म्हणजे ठरलेला डाव, बदलतो आणि मग खेळ सुरू. म्हणजे डिफेन्स वाचतंय कोण? कोच! एनएफएलमध्ये कोचचा आवाज हेल्मेटमध्ये येतो खरा पण प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या वेळेचं घड्याळ) 15 सेकंद उरले की बंद, पुढं सगळं त्या एकट्यावर. तुमच्या भाच्याचा हिरो स्वतः हात करून लाइन हलवतो का, प्ले बदलतो का, बघा.

आणि सोप्या मॅचेस सोडा, सगळ्यात अवघड मॅच काढून बघा. ओहायो स्टेटच्या सी. जे. स्ट्राउडबद्दल आम्ही तिथं सगळे म्हणायचो की पोरगं चांगलं पण पॉकेट (लाइननं त्याच्याभोवती केलेलं कडं) मोडला की ते काही करत नाही. 2022 च्या 31 डिसेंबरला जॉर्जियासारख्या डिफेन्ससमोर तो पॉकेटमधनं निसटून पळता पळता असे पास टाकत होता की आम्ही बघतच राहिलो, चार टचडाऊन, मॅच 42-41 नी गेली. हरलेली मॅच, पण त्या रात्री माझं मत बदललं ते कायमचं. ह्यूस्टननं त्याला दुसऱ्या नंबरला घेतलं आणि पहिल्याच वर्षी ऑफेन्समधला सर्वोत्तम रुकी, म्हणजे नवखा, ठरला.

लाल_मातीवाला

मला यातलं अमेरिकेचं जास्त कळत नाही, रात्रपाळीवाला माझा दोस्त हाय म्हणून त्याच्यासंगट दोन मॅचा बघिटल्या एवढंच. पण माती आणि गादीचं मला कळतंय म्हणून लिवालोय.

खाशाबा जाधव 1948 ला लंडनला गेले तवा मातीत वाढलेला गडी, गादीवर लढायची सवय न्हवती, नियम पण आंतरराष्ट्रीय, तरी सहावा नंबर आणला. चार वर्षं मेहनत केली आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. मातीवर जी पकड लागत्या ती गादीवर तशीच चालत नाही, पाय वेगळा रोवायला लागतोय, वेळेचं आणि गुणांचं गणित डोक्यात ठेवायला लागतंय. मग मातीतनं बरोबर काय गेलं त्यांच्या? चपळाई गेली आणि समोरच्याच्या आधी डोकं चालवायची सवय गेली. डाव काय, नवीन शिकता येतोय गा.

आणि आमच्या तालमीत वस्ताद नवीन पोरगं आलं की लगेच त्याची कुस्ती बघत न्हवते. आधी जोर, बैठका, दोर चढायला लावायचे, अंग पार दमलं की मग म्हणायचे हां आता धर. ताजा असताना कुणीबी पाठ केलेला डाव मारतंय, दमल्यावर जे हातातनं निघतंय ते त्याचं स्वतःचं. त्या क्वार्टरबॅकचं पण तसंच बघ की. ठरलेला प्ले मोडला, अंगावर दोन जण आलेत, तवा त्याचे डोळे कुठं हायत? लांब आपल्या गड्यांवर का अंगावर येणाऱ्यांवर? त्या मॅचात एक गडी मी बघिटला, अंगावर कोण आलं की मान खालीच. तो कुठला काय नाव आठवत नाही पण तो मला आवडला नाही.

निपाणीची_मृणाल

खानापूरकर दादा, तुम्ही लिहिलंय ते मी मन लावून वाचलं आणि बरंचसं पटलं, पण एका ठिकाणी मी अडणार. तुमच्या चाळणीतनं जोश ॲलन गेला असता का? वायोमिंगला त्याचे 56 टक्केच पास पोचत होते, समोर टीम पण फार मोठ्या नाहीत, आणि अर्धं जग म्हणत होतं की हात तोफेसारखा आहे पण नेम नाही. 2018 ला बफेलोनं सातव्या नंबरला घेतला. पहिल्या वर्षी 52.8 टक्के, दुसऱ्या वर्षी 58.8, आणि 2020 ला 69.2! आता तो एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झालेला माणूस आहे. लॅमार जॅक्सन त्याच ड्राफ्टमध्ये 32 व्या नंबरला, पहिल्या राउंडात अगदी शेवटी, आणि वर्षभरात म्हणजे 2019 च्या सीझनला एकमतानं एमव्हीपी. त्या वर्षी पहिल्या राउंडात पाच क्वार्टरबॅक गेले आणि ज्या क्रमानं घेतले तो क्रम आज बघितला की वाटतं सगळ्यांनी डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या होत्या का.

मला वाटतं आपण फक्त पोराकडं बघतो आणि तो कुणाच्या घरी जाऊन पडला हे विसरतो. महोम्सला 2017 ला कॅन्सस सिटीनं दहाव्या नंबरला घेतला आणि जवळजवळ अख्खं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागं बसवून शिकवला, पुढच्या वर्षी 50 टचडाऊन. ॲलनच्या हाताशी 2020 ला स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आला. आणि सॅम डार्नल्ड बघा, जेट्सनी तिसऱ्या नंबरला घेतलेला, सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिलेला, 2024 ला मिनेसोटात त्याच माणसानं 14 मॅचेस जिंकून दिल्या. माणूस तोच ना? एखादं रोप निपाणीच्या काळ्या जमिनीत लावलं आणि तेच मुरमाड माळावर लावलं तर दोष रोपाला द्यायचा का?

आणि पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरनं तर कुणाला मोडीत काढूच नका. पेटन मॅनिंगनं 1998 ला पहिल्या वर्षी 28 इंटरसेप्शन टाकले, टीम 3 जिंकली, 13 हरली. त्याच वर्षी दुसऱ्या नंबरला गेलेला रायन लीफ, हात त्याचाच जास्त जोरदार म्हणणारे पुष्कळ होते. त्याचं अख्खं करिअर 14 टचडाऊन, 36 इंटरसेप्शन.

खानापूर_ते_ओहायो

मृणालताई, ॲलनबद्दल तुमचं बरोबर आहे, मी त्याला घेतला नसता, आणि चुकलो असतो. पण त्यानं पायांची ठेवण अक्षरशः नव्यानं शिकली, इतकं बदलून दाखवणारे फार थोडे. जमार्कस रसेलचा हात ॲलनच्या तोडीचा होता, 2007 ला रेडर्सनी पहिल्या नंबरला घेतला, तीन सीझनमध्ये घरी. नुसत्या हातावर भरोसा ठेवून टीमनी जे पैसे आणि वर्षं घालवली त्या मानानं ॲलन एकच निघाला.

उलट ब्रॉक पर्डी बघा. 2022 ला 262 वा, म्हणजे अख्ख्या ड्राफ्टमधला शेवटचा नंबर. उंची बेताची, हात बेताचा. पण आयोवा स्टेटला चार वर्षं तोच खेळला, आणि बॉल वेळेच्या आधी सोडायचा. दोन वर्षांच्या आत सुपर बोल खेळला. तो पण चांगल्या घरी पडला हे मान्य, त्याला घेतलेल्या नाइनर्स टीमकडं सगळंच होतं. पण त्याच घरी 2021 ला तिसऱ्या नंबरला घेतलेला ट्रे लान्स पण होता ना? कॉलेजात जेमतेम एक पूर्ण सीझन खेळलेला. जमीन दोघांना एकच मिळाली की ताई.

निपाणीची_मृणाल

लान्सचा मुद्दा घेतला. त्याचा घोटा मोडला होता हे पण धरा, पण घेतला. म्हणजे किती मॅचेस खेळून आलाय हे बघायचं, यावर आपलं एकमत.

टिळकवाडीचा_रात्रपाळीवाला

सगळ्यांचे आभार, खरंच. काल सुट्टी होती म्हणून त्या पोराची हरलेलीच मॅच परत लावली आणि खानापूरकरांनी सांगितल्यासारखं थांबवत थांबवत बघितली, तीन तासांच्या मॅचला साडेचार तास लागले.

निम्म्याहून जास्त पास खरंच टेकवलेलेच निघाले. चार वेळा बॉल इतका वेळ धरून बसला की मी इकडं सहापर्यंत मोजलं, त्यात दोनदा सॅक. स्वतः प्ले बदलताना एकदाच दिसला, बाकी सगळी टीम साइडलाइनकडं माना करून. हे सगळं लिहून ठेवलं आणि वाटलं झालं, भाच्याला कसं सांगायचं आता.

पण चौथ्या क्वार्टरला एक प्ले आला. थर्ड डाऊन, म्हणजे तिसरा प्रयत्न, नऊ यार्ड पाहिजेत, डावीकडनं दोघं सुटून आले. लाल मातीवाल्यानं सांगितलेलं आठवून मी फक्त त्याचं हेल्मेट बघालो. खाली गेलं नाही. एक पाऊल पुढं टाकलं, मार बसायच्या आधी बॉल सोडला, थांबवून बघितलं तर रिसीव्हरची पाठ अजून क्वार्टरबॅककडंच होती. बॉल बरोब्बर त्याच्या छातीवर गेला आणि रिसीव्हरच्या हातातनं सुटला. कागदावर तो चुकलेला पास. मी तो अकरा वेळा मागं घेऊन बघितला, त्याचे सगळे टचडाऊन एका बाजूला आणि हा एक पास एका बाजूला असं वाटालंय मला.

भाच्याला तोच क्लिप पाठवला आणि म्हटलं, हे जर त्याला मॅचमधनं एकदा न करता दहादा करता आलं तर तू म्हणतोस ते खरं. त्याला राग आला नाही, उलट तो पण आता जुन्या मॅचेस काढून असे पास शोधालाय. एकच विचारायचं राहिलं, पोरानं यंदा ड्राफ्टला नाव द्यावं की अजून एक वर्ष कॉलेजात काढावं?

खानापूर_ते_ओहायो

थांबावं, माझं स्पष्ट मत. जो बरो 2018 ला साधाच वाटायचा, 57.8 टक्के, एक वर्ष जास्त काढलं आणि 2019 ला 76.3 टक्के, 60 टचडाऊन, सरळ पहिला नंबर. जेडन डॅनियल्स पाच वर्षं कॉलेजात होता, बो निक्सनं 61 मॅचेस सुरुवातीपासून खेळल्या, आणि 2024 ला दोघांनी पहिल्याच वर्षी आपापल्या टीमला प्लेऑफला नेलं. तुम्ही सांगितलेला तो एक पास एकाचे दहा व्हायला मॅचेसच लागतात, सरावात अंगावर कोण खरं धावून येत नाही.

लाल_मातीवाला

मी तर आधीच सांगिटलोय, चार वर्षं लागली खाशाबांना. पुढची मॅच कवा हाय रे?

टिळकवाडीचा_रात्रपाळीवाला

शनिवारी रात्री साडेनऊला. जेवून ये, वही-पेन मी ठेवतोय, तू फक्त हेल्मेट बघ, सेकंद मी मोजतो.