मदत हवी आहे: दुसऱ्या दिवशीच्या ईईजीवर मॉडेल चालत नाही

नमस्कार मंडळी, मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसवर, म्हणजे मेंदूच्या संकेतांनी संगणक चालवण्यावर. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधन गटाने २००८ मध्ये खुला केलेला ईईजी (डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी टिपलेले मेंदूचे विद्युत संकेत) डेटा वापरतोय: ९ जण, २२ इलेक्ट्रोड, सेकंदाला २५० नमुने. हात, पाय किंवा जीभ हलवल्याची नुसती कल्पना करायची. उजव्या हाताची कल्पना केली की डाव्या बाजूच्या सी३ इलेक्ट्रोडपाशी ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय (हालचालीशी निगडित मेंदूलहर) दबते. आलेखात ती दबताना खरंच दिसते, आणि तेव्हा फार भारी वाटतं!

अडचण अशी की प्रत्येकाचं रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या दिवशी झालंय. पहिल्या दिवसावर शिकवलेलं मॉडेल (सीएसपी, म्हणजे संकेतांतला फरक ठळक करणारे फिल्टर, आणि एलडीए, म्हणजे कल्पना कशाची ते ओळखणारी वर्गीकरणाची पद्धत) काही जणांच्या दुसऱ्या दिवसावर पार कोलमडतं. अशा संशोधन गटात काम केलेलं कुणी आहे का इथे? दुसऱ्या दिवसाचे थोडे नमुने घेऊन मॉडेल पुन्हा जुळवावं, की रिमानियन पद्धतीकडे (इलेक्ट्रोडच्या संकेतांमधले परस्परसंबंध भूमितीने तोलणारी) वळावं?

पुढे कॉलेजातच रेकॉर्डिंग करायचंय. डोक्याला तेल लावून येऊ नका, हे मित्रांना बजावलंय. तेलाने इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. पण विजेच्या ५० हर्ट्झचा गोंगाट नॉच फिल्टरआधी (तेवढीच वारंवारता गाळणारा फिल्टर) खोलीतच कमी कसा करायचा? लॅपटॉप बॅटरीवर चालवणं पुरेल का?

पक्षाघातानंतर हाताचे व्यायाम करणाऱ्यांसाठी हे तंत्र वापरलं जातं, मला पुढे त्यातच काम करायचंय. ताई-दादांनो, सविस्तर सांगितलंत तर खूप मदत होईल.